पायंडा पाडायचा कसा: गावातली नवी चाल टिकवण्याची कृती

गावात चांगलं काम सुरू करायला फार लागत नाही. पहिल्या वर्षी उत्साह असतो, पेपरात बातमी येते. दुसऱ्या वर्षी तीच आठ-दहा माणसं जमतात. तिसऱ्या वर्षी ज्या गुरुजींनी मनावर घेतलं होतं त्यांची बदली होते, किंवा सरपंचाचं पॅनेल पडतं, आणि काम तिथंच थांबतं. त्याच गावात अखंड हरिनाम सप्ताह मात्र आजोबांच्या काळापासून चालू असतो. दुष्काळी सालात पंगत साधी होते, पण सप्ताह मोडत नाही.

हा फरक नुसत्या श्रद्धेचा नाही. चार जणांची सवय गावाची रीत कशी होते, याच्या पायऱ्या आहेत आणि त्या ठरवून बांधता येतात. सरपंच, शिक्षक, बचत गटाच्या ताया, तरुण मंडळं, ज्यांना कुणाला गावात नवा पायंडा पाडायचाय त्यांच्यासाठी ही कृती. उदाहरणाला एकच काम धरलंय: दरवर्षी गावातल्या विहिरींची पातळी मोजायची आणि रब्बीची पेरणी आटोपण्याआधी पाण्याचा हिशोब गावापुढं मांडायचा. मराठवाड्यात याहून निकडीचं काम शोधूनही सापडणार नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं.

आधी सप्ताहाकडं नीट बघा

सप्ताहाचा दिनक्रम गावोगाव जवळपास सारखाच. पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचं पारायण, दुपारी गाथा भजन, सांजेला हरिपाठ, रात्री कीर्तन आणि मग जागर. आता पुढं काय, हे नव्या माणसालाही विचारावं लागत नाही.

पण त्यातली खरी करामत वीणेची आहे. सातही दिवस वीणा खाली टेकवायची नाही, हा नियम. पहारा दोन तासांचा धरला तर दिवसाला १२ आणि सप्ताहाला ८४ पहारे होतात. म्हणजे ८४ वेळा एकाच्या गळ्यातली वीणा दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि पुढचा आल्याशिवाय आधीच्याला हलता येत नाही. रात्री दोनच्या पहाऱ्याला कुणी फिरकलं नाही तर उभा असलेला विणेकरी एखाद्या टाळकऱ्याला त्याच्या घरी पिटाळतो आणि झोपेतून उठवून आणतो. जबाबदारी कुणाची, यावर वाद होत नाही. वीणा ज्याच्या गळ्यात, त्याची.

भगवानगडाच्या नारळी सप्ताहात हीच युक्ती वर्षभरावर ताणलेली दिसते. यंदाचा सप्ताह उठतानाच पुढच्या वर्षीच्या गावाला नारळ दिला जातो. नारळ हाती आला की ते गाव बारा महिने आधीच शब्दात अडकतं. पंगतीच्या वहीचंही तसंच. कोणत्या दिवसाची पंगत कोणत्या घराची हे नावानिशी लिहिलेलं असतं आणि वडील गेले की त्या ओळीत मुलाचं नाव लागतं. मुलाला कुणी पटवून द्यायला जात नाही. वही उघडली की त्याचं नाव तिथं असतंच.

ठरलेली वेळ, हातातून हातात जाणारी वस्तू आणि नावानिशी वाटलेला भार, हे तीन खांब कोणत्याही नव्या चालीला आधी लागतात.

येळवस: समिती नसलेली संस्था

लातूर, धाराशिव आणि शेजारच्या तालुक्यांतल्या येळवशीला म्हणजे वेळ अमावस्येला ना अध्यक्ष, ना पट्टी, ना पावती पुस्तक. मार्गशीर्ष अमावस्येला अख्खं घर शेतात जातं, कडब्याची कोप करतं, पाच दगडांना चुना लावून पांडव मांडतं. भज्जी, आंबील, उंडे असा बेत असतो. आंबील शिंपडत ‘ओलगे ओलगे, सालम पोलगे’ म्हणतात. या शब्दांचा अर्थ विचारला तर बहुतेकांना सांगता येत नाही, तरी कुणी म्हणायचं सोडत नाही.

जिल्हाधिकारी या दिवशी स्थानिक सुट्टी देतात. शाळा-कचेऱ्या बंद राहतात, शहरातले नातेवाईक गाड्या भरून शेतावर येतात. ज्याचा पूजेवर विश्वास नाही तोही जातो, कारण त्या दिवशी गावात थांबून करायला काही नसतं. चाल एकदा इतकी मुरली की ती पाळायला विश्वास लागत नाही. न पाळायलाच जास्त कष्ट पडतात.

समाजशास्त्रज्ञ पीटर बर्गर आणि थॉमस लकमन यांनी १९६६ मध्ये ही प्रक्रिया उलगडून मांडली. दोन माणसं एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा एकाच पद्धतीनं करतात, तेव्हा ती सवय होते. मग ‘हे काम अशा माणसाचं’ असं ठरतं. पण ज्यांनी ती सुरू केली त्यांना ती मोडणंही तितकंच सोपं असतं, कारण ती का सुरू केली हे त्यांना ठाऊक असतं. खरी संस्था दुसऱ्या पिढीत होते. मुलांना ती चाल डोंगर-नदीसारखी आधीपासूनच असलेली दिसते. इथंच धोकाही असतो. कारण ठाऊक नसलेल्या पिढीला ते सांगणारी गोष्ट लागते आणि चाल मोडणाऱ्याला आवरायची सोय लागते. पहिल्या पिढीला या दोन्हींची गरज भासत नाही, म्हणून ती त्यांची तयारी करत नाही.

मोजणीची कृती

चाल निवडताना ती लहान निवडा. अडाणी माणसालाही जमेल, दरवेळी तशीच होईल आणि चार माणसांना दिसेल अशी. ‘पाणी वाचवा’ ही चाल होत नाही, कारण ती केव्हा, कुणी आणि कुठं पाळायची हे त्यात नाही. ‘सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी दहा विहिरी मोजायच्या’ ही होऊ शकते.

आठ ते दहा विहिरी निवडा: वरच्या अंगाच्या दोन, ओढ्याकाठच्या दोन, पाझर तलावाखालची एक, माळावरची एक, गावठाणातला आड, दलित वस्तीतली विहीर. बोअर नकोत. केसिंगला टोपण असतं आणि पट्टी मोटारीच्या पाइपात अडकते. मोजायला ३० मीटरची फायबरची पट्टी घ्या आणि टोकाला अर्धा किलोचं वजन बांधा. कठड्यावर लाल ऑइल पेंटनं एक खूण करा आणि दरवेळी तिथूनच मोजा. कठडा दगडी असेल तर छिन्नीनं रेघ मारून घ्या, रंग दोन पावसाळ्यांत उडतो. खुणेपासून पाण्यापर्यंतचं अंतर मीटरमध्येच लिहा. एकानं फूट आणि दुसऱ्यानं मीटर लिहिले की तीन वर्षांच्या नोंदी वाया जातात.

सगळ्यात जास्त चूक होते ती वेळेची. रात्रभर मोटार चालू असलेली विहीर सकाळी मोजली तर पातळी दोन-तीन मीटर खोल दिसते आणि गावात नसती घबराट होते. शेतीची थ्री फेज लाइट एका आठवड्यात रात्रीची, तर दुसऱ्या आठवड्यात दिवसाची येते. दिवसाच्या पाळीचा आठवडा बघा, रात्री विहीर निवांत राहू द्या आणि सकाळी सहा ते आठच्या दरम्यान सगळ्या मोजून मोकळे व्हा. पाऊस मोजायला शाळेच्या उघड्या मैदानात पर्जन्यमापक लावा, झाडापासून आणि भिंतीपासून लांब, आणि नोंद सकाळी साडेआठलाच घ्या. हवामान खात्याची वेळ तीच आहे, त्यामुळे आकडे ताडून पाहता येतात.

हिशोब पाचवीतल्या गणितात बसतो. एक हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर. मराठवाड्याचा पावसाळ्यातला सरासरी पाऊस साधारण ६८० मिलिमीटर, म्हणजे १०० हेक्टरवर ६८ कोटी लिटर पडतं. त्यातलं बरंच वाहून आणि उडून जातं, काळ्या पाषाणात मुरतं ते थोडं. आता खर्चाची बाजू. २,००० वस्तीच्या गावाला माणशी रोज ५५ लिटरनं वर्षाला साधारण ४ कोटी लिटर लागतं. उसाला मोकाट पाणी दिलं तर हेक्टरी २ कोटी लिटरच्या आसपास जातं. दोन हेक्टर ऊस आणि अख्ख्या गावाचं वर्षाचं पिण्याचं पाणी एकाच तोलाचं. हे वाक्य फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा. व्याख्यानापेक्षा त्याचं काम जास्त होतं.

तारीख, माणसं, वही

नवी तारीख शोधू नका, जुन्या तारखेच्या पाठीवर बसा. १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला, गाव झेंड्यासाठी जमलेलंच असतं. मोजणीची टोळी कोण हे तिथं जाहीर करा. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मोजा आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत आकडे वाचा. ज्वारीची पेरणी तेव्हा चालू असते आणि हरभऱ्याची व्हायची असते, त्यामुळे ऐकणाऱ्याला त्या आकड्यांचा लगेच उपयोग असतो. उपयोगाआधी महिनाभर किंवा नंतर महिनाभर वाचलेले आकडे कुणी ध्यानात ठेवत नाही. परतीचा पाऊस चांगला झाला तर कोजागरीच्या सुमारास पुन्हा एकदा मोजा. भूजल सर्वेक्षण यंत्रणाही निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशा चार वेळा मोजते. त्यांचे आकडे मागवून शेजारी लिहा.

विहिरीमागं दोन माणसं द्या आणि ती दोन वेगळ्या भावकींतली किंवा गटांतली असू द्या. एकाच गटानं मोजलं की दुसरा गट आकडाच खोटा ठरवतो. तिसरा माणूस म्हणून आठवी-नववीचा एक विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी जोडा, पट्टीवरचा आकडा त्यांनीच वाचायचा. दहा वर्षांनी हीच मुलं शेतकरी आणि ग्रामपंचायत सदस्य झालेली असतात.

पट्टी एकाच माणसाच्या घरी एकच वर्ष. २ ऑक्टोबरला सगळ्यांसमोर ती पुढच्या माणसाच्या हातात द्यायची, नारळासारखी. हा प्रसंग गुंडाळू नका. दोन मिनिटांचा असला तरी चाल त्याच्यावरच चालते.

वही ग्रामपंचायतीच्या कपाटात एकच ठेवली तर गेलीच म्हणून समजा. दोन ठेवा, एक ग्रामपंचायतीत आणि एक शाळेत किंवा महिला ग्रामसंघाकडं. रकाने एवढे पुरे: विहिरीचा क्रमांक, तारीख, वेळ, मोटार किती तास बंद होती, अंतर मीटरमध्ये, मोजणाऱ्या दोघांच्या सह्या. पहिल्या पानावर हे काम का सुरू केलं ते दहा ओळींत लिहा: कोणत्या साली टँकर आला, किती महिने चालला, जनावरं कोणत्या छावणीत न्यावी लागली. दुसऱ्या पिढीला लागणारी गोष्ट ती हीच. मोजणीच्या दिवशी विद्यार्थ्यानं हे पान मोठ्यानं वाचायचं, दरवर्षी तेच.

ठरलेला वार आणि वही किती मोलाची, हे बचत गट पाहिले की पटतं. दहा ते वीस बायका, ठरलेल्या वारी बैठक, ठरलेली बचत, आपसात कर्ज, वेळेवर परतफेड, नियमित नोंदी, ही पंचसूत्री. गट बुडायची सुरुवात सहसा पैशापासून होत नाही. आधी बैठकीचा वार बदलतो, मग वही ‘नंतर लिहू’ म्हणून राहते आणि त्यानंतर हप्ता थकतो. म्हणून वार चुकला की तिथंच सावध व्हायचं.

ठराव आणि कायदा

ठराव पहिल्या वर्षी करू नका. एक मोजणी होऊ द्या, चुका कळू द्या. दुसऱ्या वर्षी मांडा. ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातली कमी संख्या. आधी महिला ग्रामसभा घ्या. पाण्याचा विषय तिथं पुढं सरकला की मुख्य सभेत तो सहसा पडत नाही. ठरावात माणसाचं नाव नको, पद असू द्या. मजकूर साधारण असा:

‘दरवर्षी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गावातील ठरलेल्या दहा विहिरींची पातळी मोजणीदारांनी मोजावी, नोंद दोन्ही वह्यांत करावी व २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी ती वाचून दाखवावी. दर पाच वर्षांनी या ठरावाचा ग्रामसभेने फेरविचार करावा.’ खाली सूचक आणि अनुमोदक, शक्यतो दोन वेगळ्या गटांतले.

नुसत्या ठरावावर विसंबू नका. मुंबईच्या विधिमंडळानं १९२३ साली सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव केला, महाड नगरपालिकेनंही १९२४ साली केला. तरी चवदार तळ्याचं पाणी प्यायला २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो लोकांसह चालत जावं लागलं. कागद बदलला होता, रीत तीच होती. आजचं उदाहरण हवं तर भूजलाच्या कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला मनाई आहे. ६० मीटर म्हणजे दोनशे फुटांच्या आतच. आणि आपल्याकडं पाचशे-सहाशे फुटांवर पाणी नाही लागलं तर बोअरवाला पुढचा पाइप जोडतो. ज्या नियमाला रोजच्या व्यवहारात पाहणारा डोळा नाही, तो नियम कागदावरच राहतो.

डोळा गावाचाच हवा. २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरच्या सामाईक पाणी-कुरणांच्या व्यवस्था अभ्यासून हेच दाखवलं: राखण वापरणाऱ्यांनीच केलेली आणि शिक्षा चढत्या पायऱ्यांची, तिथं व्यवस्था टिकली. पहिल्यांदा चुकलेल्याला शेजाऱ्यानं बोलावं, दुसऱ्यांदा घरी दोन वडीलधारी जावीत, तिसऱ्यांदा विषय ग्रामसभेपुढं यावा. त्यापुढं जाऊ नका. वाळीत टाकणं, सोयरीक तोडायला लावणं, दुकानातून माल बंद करणं हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा ३ जुलै २०१७ पासून लागू आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

शिक्षेपेक्षा लाभ जोडणं बरं. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोदा ग्रामपंचायतीनं कर भरणाऱ्या घराला दळण मोफत केलं. गिरणीत दर आठवड्याला जावंच लागतं, त्यामुळे कर भरायची आठवण दळणाच्या डब्याबरोबर घरोघर पोहोचते.

संस्था नोंदवायची घाई नको. सात जणांत १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदणी होते, १९५० च्या विश्वस्त कायद्यानं हिशोब आणि बदल अहवाल मागं लागतात, आणि विश्वस्त बदलला की ९० दिवसांत तो दाखल करावा लागतो. पैसा गोळा होत नसेल तर या भानगडीत पडू नका. गावोगावच्या किती मंडळांची भांडणं कामावरून नसून घटनेतल्या सहीच्या अधिकारावरून आहेत!

कुठं बिघडतं

सगळ्यात आधी, एकखांबी तंबूमुळं. सुरू करणारा माणूस इतका झटतो की बाकीचे पाहुणे होतात. त्याच्या वाट्याला एकच काम ठेवा आणि तेही दरवर्षी बदला.

मग योजनेचा पैसा येतो. एखाद्या वर्षी मोजणाऱ्याला मानधन मिळालं की पुढच्या वर्षी फुकट कुणी येत नाही. पैसा आला तर तो पट्ट्या, फळा, पर्जन्यमापक अशा वस्तूंवर घाला, माणसांवर नको. पुरस्काराचंही तसंच. स्पर्धेसाठी सुरू झालेलं काम निकालाच्या दिवशी संपतं.

खर्चाची चढाओढ सप्ताहांनाही पोखरतेय. मोठ्या बिदागीचा कीर्तनकार, मोठा मंडप, मग घरटी पट्टी वाढते आणि गरीब घर लाजेनं मागं सरतं. मोजणीच्या दिवशी चहा आणि चिवडा, त्यापलीकडं काही नाही, हे ठरावाच्याच दिवशी ठरवून टाका.

आणि कुणाला बाहेर ठेवलंय ते पहिल्याच वर्षी तपासा. चाल मुरताना तिच्यातला अन्यायही मुरतो आणि पुढच्या पिढीला तो नैसर्गिक वाटायला लागतो. पहिल्या यादीत दलित वस्तीची विहीर नसेल तर दहाव्या वर्षीही ती नसते, आणि तेव्हा कुणी विचारलं तर ‘आपल्याकडं याच दहा मोजतात’ एवढंच उत्तर मिळतं. फळा कुठं लावताय, हेही पाहा. पारावर बायका थांबून वाचत नाहीत. दुसरा फळा अंगणवाडीजवळ किंवा नळाच्या टाकीपाशी हवा.

जुनी चाल सोडवायची असेल तर

तेव्हा उलटं जायचं. विश्वासावर हल्ला करण्याआधी ती चाल कोणत्या व्यवस्थेला बांधलीय ते शोधा. बालविवाहाचंच घ्या. बीडच्या ऊसतोडीत उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते ती कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला. लेकीला सहा महिने गावात एकटी कुणाजवळ ठेवायची, ही आईबापांची काळजी खरी असते. बालविवाहाची गाठ या दोन ठिकाणी आहे. २००६ चा कायदा आहे, ग्रामपंचायत अधिकाऱ्याला, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाला, अधिकार आहेत, तरी मुलीच्या राहण्याची सोय झाल्याशिवाय गाठ सैल होत नाही. हंगामी वसतिगृह दसऱ्याआधी, टोळ्या निघायच्या आत सुरू झालं पाहिजे. दिवाळीनंतर उघडलं तर मुली कारखान्यावर पोहोचलेल्या असतात.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनानं इतर गावांसाठी परिपत्रक काढलं. तसा ठराव तुमच्या गावात करायचा असेल तर लगेच पुढची तारीख धरा: संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला कोणत्या घरी, कोण बोलावणं घेऊन जाणार. बांगडी फोडू नका म्हणून सांगितल्यावर अंत्यविधीच्या वेळी तिथं कोण उभं राहणार, त्या दोन बायांची नावं ठरावाच्या दिवशीच नक्की करा. त्या क्षणी ठराव कुणाला आठवत नाही, शेजारी उभ्या असलेल्या माणसाचं ऐकलं जातं.

चाल लागली की नाही, हे कसं ओळखायचं

तिसऱ्या वर्षी सुरू करणाऱ्यानं मोजणीच्या आठवड्यात मुद्दाम परगावी जावं आणि फोन करू नये. मोजणी झाली पण एक विहीर राहून गेली, तर ठीक चाललंय. झालीच नाही, तर पट्टी कुणाच्या घरी अडकली ते बघा. बहुतेक वेळा ती आदल्या वर्षी सगळ्यांसमोर हातात दिलेलीच नसते.

पाचव्या वर्षी वहीचं शेवटचं पान भरा: पट्टी सध्या कुणाकडं, कोणत्या विहिरीची खूण बुजली होती आणि पुन्हा कुठं मारली, कोणती विहीर ढासळल्यामुळं यादीतून काढली, तिच्या जागी कोणती घेतली, आणि पुढच्या वर्षाच्या मोजणीदाराचं नाव. त्याची सही घ्या आणि मगच नवी वही उघडा.